पहिली इनलाइन ठासणीची बंदूक घेताय? आधी प्लग, प्रायमर आणि पावडरचं जमवा, बंदुकीचं नाव नंतर बघा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की मला दरवर्षी दोन-तीन फोन येतात. "दादा, यंदा मझललोडर घ्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?" आणि फोन ठेवायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानातल्या भिंतीचा फोटो, त्यावर दहा-बारा बंदुका टांगलेल्या. मी प्रत्येकाला उलटा एकच प्रश्न विचारतो, पावडर कुठली वापरणार? बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो, बंदूक आधी आणि बाकीचं नंतर बघू असं डोक्यात असतं, आणि माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

मी ओहायोत राहतो, कोलंबसपासून तासाभरावर, आणि जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवसांचा जो मझललोडर सीझन असतो त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात व्हाइटटेल हरणासाठी जातो. मूळचा कोकणातला. आमच्याकडे हिला ठासणीची बंदूक म्हणतात. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक होती, डुकरं आणि वानरं हाकलायला हवेत बार काढायचे. नळीच्या तोंडातून दारू, वर बोळा, मग गजाने ठासायचं, मग बाजूच्या निपलवर केप (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी), मग घोडा ओढायचा. इनलाइनमध्ये तत्त्व अगदी तेच आहे, फरक इतकाच की ठिणगी बाजूने वळून न येता नळीच्या बरोबर मागून सरळ रेषेत दारूवर पडते, त्यामुळे बार लवकर आणि भरवशाने पेटतो. मिसूरीच्या टोनी नाइटने १९८५ मध्ये एमके-८५ काढली आणि तिथून ही आधुनिक इनलाइन घरोघर पोचली.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो, तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. हे सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर शिकारीबद्दल आहे.

पायरी १: राज्याचे नियम आणि तुमचं इमिग्रेशन स्टेटस

हे कंटाळवाणं वाटतं पण याच्यावर पुढची सगळी खरेदी ठरते. इनलाइन एका राज्यात चालते आणि शेजारच्या राज्यात त्याच सीझनला चालत नाही. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा जो जुना सीझन आहे, १९७४ पासूनचा, तो फक्त फ्लिंटलॉकचा, म्हणजे गारगोटीच्या बंदुकीचा, तिथे इनलाइन घेऊन गेलात तर सरळ गुन्हा. पण त्याच पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमधल्या मझललोडर सीझनला इनलाइन चालते, फक्त मादी-पिल्लांसाठी. कोलोरॅडोत इनलाइन चालते पण मझललोडर सीझनला स्कोप म्हणजे दुर्बीण नाही, पावडरच्या वड्या म्हणजे पेलेट नाहीत, सॅबो म्हणजे गोळीभोवतीचा प्लास्टिकचा पेला नाही, आणि एल्क हे मोठं हरीण मारायचं तर किमान .५० कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंचाची नळी. आयडाहोच्या मझललोडर हंटमध्ये तर २०९ प्रायमर (बार पेटवणारी टोपी, खाली सांगतो) नको, ठिणगीची जागा झाकलेलीही नको आणि पावडर सुटीच हवी, थोडक्यात आजची नेहमीची इनलाइन बादच. आमच्या ओहायोत स्कोप, २०९, पेलेट सगळं चालतं. तेव्हा तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका डाउनलोड करा, मझललोडरचं पान प्रिंट काढा आणि तो कागद खिशात ठेवून दुकानात जा. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला नसेल तर तो आधी, त्याशिवाय बहुतेक ठिकाणी लायसन्सच मिळत नाही, आणि खरं सांगतो, नियम म्हणून नाही, त्या कोर्समध्ये बंदूक हातात कशी धरायची हे जे शिकवतात ते आयुष्यभर पुरतं. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर ओहायोत लेखी परवानगी लागते, मी दरवर्षी नवीन सही घेतो.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला फायरआर्म बाळगायला मुळात बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. त्यातही बऱ्याच ठासणीच्या बंदुका फेडरल व्याख्येत फायरआर्ममध्ये मोडतच नाहीत, त्या अँटिकमध्ये धरतात, पण सगळ्या नाहीत. नळी बदलून जिची काडतुसाची रायफल होते अशी, उदाहरणार्थ थॉम्पसन सेंटरची एन्कोर, ती फायरआर्मच धरली जाते आणि तिला बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरावा लागतो. शिवाय राज्यांचे कायदे वेगळे, न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये राहणाऱ्याने "दुकानदार म्हणाला कागद लागत नाही" यावर अजिबात विसंबू नये. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना असल्या गोष्टीत चूक म्हणजे फार महाग पडेल, तेव्हा खरेदीच्या आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

पायरी २: साखळी समजून घ्या

बंदुकीच्या मागच्या टोकाला एक जाड स्क्रूसारखा भाग असतो, त्याला ब्रीच प्लग म्हणतात. त्याच्या मागच्या खळग्यात प्रायमर बसतो, मधून एक बारीक भोक जातं, आणि पुढच्या तोंडाला पावडर टेकलेली असते. चाप ओढला की घोडा प्रायमरवर, प्रायमरची ज्वाळा भोकातून पावडरवर, पावडरचा दाब गोळीवर. या चार गोष्टी एकमेकांना जुळल्या नाहीत तर बंदूक कितीही भारी असो, उपयोग नाही.

माझ्याबरोबर पहिल्या सीझनला काय झालं ते सांगतो. मी ब्लॅकहॉर्न २०९ ही पावडर घेतली होती कारण सगळे तिची स्तुती करत होते, आणि काउंटरवरच्या माणसाने प्रायमर कुठला विचारल्यावर "मझललोडरसाठी खास" असं लिहिलेली डबी पुढे सरकवली. मी पण म्हटलं, मझललोडरसाठी खास आहे तर याहून चांगलं काय. रेंजवर ऑक्टोबरच्या उन्हात सगळे बार ठीक निघाले. जानेवारीत सकाळी सात वाजता, शेताच्या कडेच्या ओकखाली, हाताची बोटं बधिर झालेली, सत्तर यार्डांवर मादी आडवी उभी, मी श्वास सोडून चाप ओढला आणि आवाज आला नुसता "टिक". मी गाल दस्त्यावरून उचलला, नळी जराशी खाली आली, आणि तेवढ्यात बार उडाला. गोळी माझ्यापासून वीस पावलांवर बर्फात घुसली, बर्फाचा भुगा उडून काळी माती वर आली. हरणी पळाली, तिला काही लागलं नाही, पण मी बराच वेळ तसाच बसून राहिलो कारण त्या पाऊण सेकंदात नळी कुठेही वळली असती. याला हँगफायर म्हणतात. कारण साधं होतं, त्या पावडरीला कडक ज्वाळेचा प्रायमर लागतो आणि माझा प्रायमर मुद्दाम मऊ केलेला होता, तो दुसऱ्याच पावडरीसाठी. थंडीत ती जोडी तुटली. बंदूक निर्दोष होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, आधी पावडर, मग तिला लागणारा प्रायमर, मग दोघांना सामावणारा प्लग, आणि मग ज्या बंदुकीत तो प्लग मिळतो ती बंदूक.

पायरी ३: पावडर ठरवा

आधी एक इशारा, आणि हा सगळ्यात मोठा आहे. नेहमीच्या रायफलच्या काडतुसात भरतात ती स्मोकलेस पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते, माणसं बोटं आणि डोळे गमावून बसली आहेत. स्मोकलेससाठी मुद्दाम बनवलेल्या थोड्या बंदुका आहेत, त्या पहिली बंदूक म्हणून घेऊच नका.

आता पर्याय. खरी काळी दारू, म्हणजे सोरा-कोळसा-गंधकाची, ती गोएक्स वगैरे नावाने मिळते, पण ती स्फोटक म्हणून गणली जाते, दुकानात सहज नसते आणि इनलाइनवाला तिच्या वाटेला सहसा जात नाही. त्याऐवजी पर्यायी पावडरी. पायरोडेक्स सगळ्यात जुनी आणि स्वस्त, पण तिच्यात गंधक आहे, वास कुजक्या अंड्यासारखा येतो आणि नळी फार लवकर गंजवते. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, पाण्याने धुतली जाते, आणि मापाला माप धरलं तर काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरदार, म्हणून कोणी काळ्या दारूचं माप सांगितलं तर ते तसंच्या तसं हिच्यात वापरायचं नाही, कमी करायचं. ब्लॅकहॉर्न २०९ ही २००८ ची, मळ फार कमी धरते, दोन बारांच्या मध्ये नळी पुसायची गरज जवळजवळ नाही, हवेतली ओल कमी ओढते, पण महाग आहे आणि पेटवायला हट्टी आहे.

पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन या दोन्ही पेलेटमध्ये मिळतात, ५० ग्रेनची (ग्रेन हे बारीक माप) एक वडी, दोन टाकल्या की १०० ग्रेन. नवशिक्याला हे फार सोयीचं, थंडीत हातमोजे घालूनही दोन वड्या टाकता येतात. पायरोडेक्सच्या वडीचं एक टोक जास्त काळं असतं, ते प्रायमरच्या बाजूला, म्हणजे खाली जायला हवं, उलटी टाकली तर पेटायला कुचराई करते. ट्रिपल सेव्हनच्या वडीला असं उलट-सुलट नाही. तीन वड्यांच्या जाहिराती बघून भुलू नका. खांद्याला मार, नेम बिघडतो, आणि ट्रिपल सेव्हनच्या बाबतीत १०० ग्रेनच्या वर जाऊच नये. दोन वड्यांचा बार १०० यार्डांवर हरणाला भरपूर होतो.

सुट्या पावडरीचा फायदा असा की माप कमी-जास्त करता येतं. ८० ग्रेनला एखादी बंदूक जो ग्रुप देते, म्हणजे गोळ्या जितक्या जवळजवळ लावते, तो १०० ला देत नाही, असं खूपदा होतं, आणि पेलेटमध्ये ते बारीक ट्यूनिंग शक्य नाही.

आता ग्रेनचा घोळ, इथे नीट लक्ष द्या. ठासणीच्या बंदुकीत पावडरीचं माप आकारमानाने सांगतात, वजनाने नाही, म्हणजे पितळी मापट्यावर १०० ची खूण असते तेवढी पावडर, ती काट्यावर ठेवली तर वजन १०० ग्रेन भरेलच असं नाही. ब्लॅकहॉर्नचं गणित सोपं आहे, आकारमानाच्या आकड्याला ०.७ ने गुणलं की वजन येतं. १०० च्या मापाचं वजन ७० ग्रेन. आता कोणी "१०० ग्रेन" ऐकून डिजिटल काट्यावर १०० ग्रेन मोजून घातली तर ती मापाने झाली जवळजवळ १४३, आणि या पावडरीची कमाल मर्यादा आहे १२०. म्हणजे नकळत मर्यादेच्या बाहेर. हे मी एका चांगल्या शिकलेल्या इंजिनिअर मित्राला करताना रेंजवर प्रत्यक्ष पाहिलंय, भरायच्या आधी थांबवला. शिवाय गोळीचं वजनही ग्रेनमध्येच सांगतात, २५० ग्रेन गोळी वगैरे, त्याचा पावडरीच्या ग्रेनशी संबंध नाही. शेवटचा शब्द नेहमी तुमच्या बंदुकीच्या मॅन्युअलचा, त्यात कमाल जे लिहिलंय त्याच्या वर नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

खर्चाचं म्हणाल तर ब्लॅकहॉर्नची १० औंसांची बाटली म्हणजे ४३७५ ग्रेन वजन, ७० ने भागलं तर बासष्ट बार. सीझनला पाच-सहा बार आणि सरावाचे चाळीस धरले तर एक बाटली वर्षभर पुरते, त्यामुळे महाग महाग म्हणतात तेवढी ती अंगावर येत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याला वर्षातून एक-दोनदाच बंदूक बाहेर काढायचीय आणि धुवायचा कंटाळा नाही त्याने ट्रिपल सेव्हनच्या पेलेटने सुरुवात करावी. ज्याला सराव करायचाय, रेंजवर एका दिवसात पंधरा बार काढायचेत, त्याने ब्लॅकहॉर्न. पायरोडेक्स मी आता कोणाला सुचवत नाही, गंजाने वाया गेलेल्या नळ्या फार पाहिल्यात.

पायरी ४: त्या पावडरीचा प्रायमर

२०९ प्रायमर मूळचा शॉटगनच्या काडतुसातला, पितळी रंगाची छोटी टोपी, खालच्या बाजूला कड. दिसायला सगळे सारखे, आतून ज्वाळा वेगवेगळी. ढोबळ दोन घराणी धरा. एक कडक, सीसीआय २०९एम, फेडरल २०९ए. दुसरं मऊ, मुद्दाम मझललोडरसाठी काढलेलं, विंचेस्टरचं ट्रिपल सेव्हन प्रायमर, रेमिंग्टनचं क्लीनबोर.

ब्लॅकहॉर्नला कडक घराणंच. मऊ नको, जुन्या पद्धतीची ११ नंबरची केप तर नकोच नको. ट्रिपल सेव्हनला मात्र उलट आहे. तिला कडक प्रायमर दिला तर पेटते झकास, पण पावडर संपते त्या जागेच्या थोडं पुढे नळीत मळाचं एक कडक कडं तयार होतं, काचेसारखं, त्याला इथे क्रड रिंग म्हणतात, आणि दुसरी गोळी ठासताना ती बरोबर तिथे अडते. तुम्हाला वाटतं गोळी बसली, पण ती पावडरीवर टेकलेलीच नसते, मध्ये पोकळी राहते, आणि ते धोक्याचं आहे. मऊ प्रायमरने हे कडं बरंच कमी होतं. तेव्हा दुकानदाराने ती "खास" डबी जी मला दिली ती डबी वाईट नव्हती, ट्रिपल सेव्हनवाल्यासाठी तीच बरोबर होती.

प्रायमर खळग्यात कसा बसतो तेही बघा. सैल बसला, मागे जागा राहिली तर वायू मागे फुसकारतो, प्रायमरच्या बाजूने काळी काजळी स्कोपवर आणि अ‍ॅक्शनवर येते. काही प्लगांना त्यासाठी रबरी ओ-रिंग असते, ती फाटली तर बदलायची, काही डॉलर लागतात. एकदा जोडी जमली की त्याच कंपनीचे प्रायमर एकदम दोन-तीन डब्या घेऊन ठेवा, मध्ये टंचाई झाली होती तेव्हा लोक मिळेल तो प्रायमर घालत होते आणि मग मिसफायरच्या तक्रारी करत होते.

पायरी ५: आता बंदूक

.५० कॅलिबर घ्या, दुसरा विचार नको. गोळ्या, पेलेट, सॅबो सगळं याच मापात सगळीकडे मिळतं. .४५ चपळ आहे, पण दुकानात माल कमी. मधून मोडणारी, म्हणजे ब्रेक-अ‍ॅक्शन घ्या. प्लग समोर दिसतो, प्रायमर लावणं-काढणं सोपं, आतून साफ करणं सोपं. नळीचा पीळ एका फेऱ्याला २८ इंच असा बहुतेक इनलाइनमध्ये असतो, तो सॅबोच्या गोळ्यांना चांगला. नळी चोवीस ते सव्वीस इंच पुरते. साध्या पोलादापेक्षा स्टेनलेस किंवा नायट्राइड केलेली नळी घ्या, तिथे पैसे वाचवू नका, कॅमोफ्लाजच्या रंगावर वाचवा.

सीव्हीएची वुल्फ ही कमी पैशातली, त्याच्या वर ऑप्टिमा, त्याच्या वर अ‍ॅक्युरा. ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर आणि पर्सूट. ही सगळी पहिली बंदूक म्हणून चांगलीच आहेत. बजेट मधलं असेल तर मी ऑप्टिमा वर्गातली घ्या म्हणतो. पण दुकानात विचारायचा खरा प्रश्न हा की या मॉडेलच्या प्लगवर ब्लॅकहॉर्न चालते का, की वेगळा प्लग घ्यावा लागेल. सीव्हीएच्या काही मॉडेलांना ब्लॅकहॉर्नसाठी वेगळा प्लग विकत मिळतो. फेडरलचं फायरस्टिक म्हणून २०२० पासून एक वेगळंच प्रकरण आलंय, पावडर प्लास्टिकच्या बंद कुपीत, ती मागून घालायची आणि गोळी पुढून, ट्रॅडिशन्सच्या नायट्रोफायरमध्ये चालतं. सोयीचं आहे, पण काही राज्यांच्या मझललोडर सीझनला चालत नाही, आणि त्या कुप्या मिळाल्या नाहीत की बंदूक कपाटात. पहिली म्हणून नको.

दुकानात हातात घेतल्यावर: दुकानदाराला विचारून प्लग स्वतःच्या बोटांनी सोडवून बघा. पाना न लागता सुटला पाहिजे. दस्ता खांद्याला लावून डोळे मिटा, उघडा, स्कोप किंवा साइट डोळ्यासमोर आपोआप आली पाहिजे, मान ताणावी लागली तर दस्ता लांब आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना, बायकांना तर नक्कीच, इथले दस्ते लांब पडतात, तेव्हा आखूड दस्त्याचं मॉडेल मागा. जानेवारीत अंगावर जाड जॅकेट असणार हेही लक्षात ठेवा. आणि घोडा उभा करून तो हलकेच, बार न होता, परत खाली आणता येतो का ते गार हातांनी जमेल का याचा विचार करा.

जुनी, वापरलेली घेत असाल तर पहिलं काम, ती भरलेली नाही ना हे तपासणं. नळी सुरक्षित दिशेला, प्रायमर काढलेला, मग गज नळीत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायचा. आतलं टोक प्लगपर्यंत पोचायला हवं. चार-पाच इंच आधीच थांबत असेल तर आत बार आहे. वर्षानुवर्षं भरून ठेवलेल्या बंदुका गॅरेज सेलमध्ये निघतात. मग प्लग काढून उजेडाकडे धरून बघा, प्लगजवळच्या चार इंचांत खड्डे दिसले तर नमस्कार करून परत द्या. सीव्हीएच्या १९९५-९६ च्या इनलाइन, ज्यांच्या सीरियल नंबरचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ आहेत, त्या कंपनीने १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. तसली कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, वापरायची तर नाहीच.

पायरी ६: गोळी

सॅबो म्हणजे प्लास्टिकचा पेला, त्यात .४५ ची गोळी बसते आणि पेला .५० च्या नळीत घट्ट बसतो. २५० ग्रेनच्या आसपासची गोळी सुरुवातीला घ्या. ठासताना गजाला एकसारखा, ठाम जोर लागला पाहिजे. बोटाच्या दाबाने सुळकन जाणारी गोळी ब्लॅकहॉर्नला चालत नाही, कारण दाब धरला गेला नाही तर पावडर नीट पेटत नाही. उलट गजावर लटकावं लागत असेल तर तेही चूक. दोन-तीन प्रकारची छोटी पाकिटं घ्या, बंदुकीला जी आवडते ती ठेवा, बाकीची मित्राला द्या.

पायरी ७: पहिल्यांदा भरणं

रेंजवर, डोळ्याला चष्मा, कानाला मफ. कोरड्या पॅचने, म्हणजे गजाला लावायच्या कापडाच्या तुकड्याने, नळीतलं कारखान्याचं तेल पुसा. मग पावडर न घालता नुसता प्रायमर लावून, नळी गवताच्या पात्याजवळ धरून उडवा. पातं हललं तर भोक मोकळं. एक-दोन प्रायमर असे गेले तरी चालतील.

पावडर बाटलीतून थेट नळीत कधीही ओतायची नाही. आधीच्या बारातला एक निखारा आत राहिला असेल तर हातात अख्खी बाटली पेटेल. बाटलीतून मापट्यात, बाटली बंद करून बाजूला, मग मापट्यातून नळीत. त्यावेळी तोंड नळीच्या वर येऊ द्यायचं नाही. मग गोळी, आधी छोट्या दांडीने तोंडात बसवायची, मग गजाने पावडरीवर टेकेपर्यंत, आपटायचं नाही, दाबायचं. टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी पर्मनंट मार्करने खूण करा. ही खूण फार मोलाची आहे. पुढच्या प्रत्येक वेळी गज तिथपर्यंत गेला तर भरणं बरोबर, खूण वर राहिली तर गोळी अडकलीय किंवा पावडर दोनदा पडलीय, खाली गेली तर पावडरच घातलेली नाही. रिकाम्या नळीचीही एक खूण करून ठेवा. प्रायमर सगळ्यात शेवटी, नळी निशाणाकडे झाल्यावर.

पहिले बार २५ यार्डांवर, कागदावर कुठे लागतंय ते कळायला, मग ५०, मग १००. ट्रिपल सेव्हन असेल तर प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडा पॅच. पहिल्या वर्षी १०० यार्डांच्या पुढे हरणावर बार टाकू नका, कारण दुसरा बार लगेच मिळत नाही, आणि जखमी जनावर अंधारात शोधत फिरण्यासारखं वाईट काही नाही.

"टिक" आवाज आला आणि बार झाला नाही तर माझी चूक करू नका. गाल दस्त्यावर, नळी निशाणाकडे, हलायचं नाही, किमान एक मिनिट मनात मोजा. मग नवा प्रायमर लावून परत. तरी नाही तर प्रायमर काढा आणि प्लग सोडवून मागून पुढे गोळी ढकलून काढायची की नाही ते मॅन्युअलमध्ये बघून करा, किंवा रेंजवरच्या जाणत्या माणसाला हाक मारा. सीओटू वायूने बार बाहेर ढकलणारं यंत्रही मिळतं.

शिकारीच्या दिवशी थंडीतून भरलेली बंदूक गरम घरात आणली की नळीत दव धरतं आणि पावडर ओली होते. संध्याकाळी परतल्यावर मी सुरक्षित जागी जमिनीत बार काढूनच बंदूक आत आणतो. विमानाने दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर पावडर आणि प्रायमर बॅगेत कुठेच चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाही, तिकडे पोचून विकत घ्यायचे.

पायरी ८: धुणं, त्याच दिवशी

उद्यावर टाकलं की नळी गेली. ट्रिपल सेव्हन आणि पायरोडेक्सला गरम पाणी आणि भांड्याचा साबण, पॅच पांढरा येईपर्यंत. ब्लॅकहॉर्नला पाणी नाही, तिला रायफलचं नेहमीचं सॉल्व्हेंट, हॉपीज नंबर नऊ वगैरे. लोक सवयीने ब्लॅकहॉर्नलाही पाणी घालतात आणि मग मळ का निघत नाही म्हणून घासत बसतात.

प्लग वेगळा काढून भिजवा. ब्लॅकहॉर्नच्या प्लगमध्ये ज्वाळेच्या वाटेत कडक कार्बन साचतो, ब्रशने निघत नाही. त्यासाठी मी एक अष्टमांश इंची ड्रिल बिट हाताने, मशिनला न लावता, चिमटीत धरून फिरवतो, काळा भुगा पडतो. आधी बिट त्या वाटेत सैल जातो ना हे बघा. त्याच्या पुढचं जे बारीक भोक आहे ते फक्त बारीक तारेने मोकळं करायचं, ड्रिलने कधीही नाही, ते मोठं झालं की प्लग फेकायचा. आट्यांना प्लगचं ग्रीस भरपूर लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पाना लावूनही सुटणार नाही. नळीत हलकं तेल. आठवड्याने परत एक कोरडा पांढरा पॅच घालून बाहेर काढा, त्यावर तांबूस छटा आली तर सगळं पुन्हा एकदा धुवा, आणि कोराच आला तर प्रायमर आणि पावडर वेगवेगळ्या, कोरड्या, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या कुलूपबंद जागी, मूळच्या डब्यांतच ठेवून द्या.